प्रतिसाद: आधी पाण्याची लाइन, कुलूप शेवटी

अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या भारतीय संशोधन केंद्रावरची उन्हाळी तुकडी निघताना आपल्या उन्हाळी खोल्यांचे पाइप रिकामे करायला एवढी धावपळ का, असं एकाने विचारलंय. आपल्या निफाडला पारा शून्याजवळ गेला तरी तो पहाटेपुरता. तिथे मार्चनंतर महिनोन्महिने उणेच. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि पाइप, जोड किंवा व्हॉल्व्ह फोडतं.

पंप बंद करून सगळ्यात खालचा ड्रेन कॉक उघडायचा, वरचे नळही उघडे ठेवायचे (हवा आत शिरल्याशिवाय पाणी नीट उतरत नाही), मग कॉम्प्रेसरने लाइन फुंकायची. बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडबंद होणारा) अर्धवट उघडा ठेवायचा; पूर्ण बंद केला की बॉलच्या पोकळीत पाणी अडकतं. हीच चूक जास्त होते. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये (वाकड्या पाइपात) पाणी उरतंच, तिथे प्रोपिलीन ग्लायकोल हे गोठणं रोखणारं द्रव ओतायचं.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करूनच ठेवायच्या. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 लाही गोठत नाही, उतरलेली उणे 10 च्या आसपासच गोठून फुटते. साखळीपट्ट्याची वाहनं फळ्यांवर उभी करायची, नाहीतर पट्टे जमिनीला चिकटतात. सायलेन्सरचं तोंड झाकायचं. दाराची फट बोटभरही नको. वादळात तेवढ्यातून पिठासारखा बर्फ शिरून खोली भरते.

कचऱ्याचं म्हणाल तर अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या 1991 च्या माद्रिद करारानुसार जुन्या बॅटऱ्या, प्लास्टिक, रिकामे ड्रम जहाजाने परत न्यावे लागतात. उघड्यावर जाळणं बंद.