अवतार २ घरी टीव्हीवर परत बघितला, आता कळेना तेव्हा नक्की काय आवडलं होतं

वरणफळ
डिसेंबर २०२२ ला अवतार २, म्हणजे द वे ऑफ वॉटर, आयमॅक्स थ्रीडीत बघितला होता, ३ तास १२ मिनिटं, बाहेर आलो ते पोहून आल्यासारखा, चार जणांना पकडून सांगितलं की बघाच. आता परवा बाबांसोबत घरच्या ४३ इंची टीव्हीवर लावला. तासाभराने बाबा म्हणतात, "हा व्हिलन मागच्या भागात मेला होता ना?" म्हटलं हो, पण त्याच्या आठवणी कॉपी करून ठेवलेल्या, त्या आता निळ्या शरीरात टाकल्यात. बाबा म्हणाले, "म्हणजे नवीन सुचला नाही," आणि पेपर उघडला. मग मलाही दिसायला लागलं, पोरं पकडली जातात, सुटतात, परत पकडली जातात, शेवटी नायकाची ती छोटी पोरगी टुक स्वतःच वैतागते की परत बांधलं मला! तर मी तेव्हा येडा झालो होतो का?

कट्टेकरी
नाही रे, सगळेच झालो होतो. पहिल्या भागानंतर १३ वर्षं थांबल्यावर कोणीही होईल. आमच्या ग्रुपमध्ये तर याला मत्स्यावतारच म्हणायचे, तिसऱ्यात कासव येणार म्हणून पैज पण लागलेली, पण दिग्दर्शक कॅमेरूनने आग काढली, क्रमच चुकवला.

निळापडदा
कंपोझिटिंग (वेगवेगळी दृश्यं जोडून एक शॉट बनवणं) करतो म्हणून थोडं लांबड लावतो. पाण्याखालचे सीन खूपदा नटांना तारेला टांगून कोरड्यात शूट करतात, केस आणि पाणी नंतर कॉम्प्युटरवर. कॅमेरूनने नटांना खरोखर टाकीत उतरवलं आणि तेही सिलिंडरशिवाय, कारण बुडबुडे आले की अंगावरचे मार्कर, म्हणजे ठिपके, कुठले आणि बुडबुडे कुठले हे मोशन कॅप्चरच्या (नटांची हालचाल टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांना कळत नाही. वरच्या लाइटची चमक आत येऊ नये म्हणून पाण्यावर पांढरे छोटे गोळे पसरलेले. यातली नटी केट विन्स्लेटने ७ मिनिटांच्या वर श्वास रोखला होता. मी एकदा एका जाहिरातीत ग्लासभर पाणी दोन आठवडे करत बसलेलो, क्लायंट म्हणाला जेली वाटतेय. आणि इथे पोरगं पाण्यातनं वर येतं तेव्हा खांद्यावरनं पाणी कसं निथळतं ते एकदा पॉज करून बघ, व्हीएफएक्सचं (व्हिज्युअल इफेक्ट्सचं) ऑस्कर उगाच नाही मिळालं.
आणि हो, थिएटरमध्ये पाण्यातले बरेच सीन सेकंदाला ४८ फ्रेमने दाखवत होते, घरी येतो तो २४ चाच, वर थ्रीडी पण नाही. त्यामुळे तू तोच पिक्चर परत बघितला असं म्हणताच येत नाही.

सांडगीमिरची
हे सगळं मान्य, पण स्टोरी साधी असणं वेगळं आणि ढिली असणं वेगळं. साधी असायला माझी हरकत नाही. पण शेवटच्या लढाईत समुद्रकाठचे मेटकायिना लोक एवढे जोशात येतात आणि मग जातात कुठे? जहाजावर फक्त नायक सलीचं कुटुंब उरतं, बाकी गाव काय जेवायला गेलं? सलीने सांभाळलेल्या किरीचा बाप कोण तेही लटकवून ठेवलं. तुलकून या व्हेलसारख्या प्राण्याच्या मेंदूतून म्हातारपण थांबवणारं अमृता काढतात, एक कुपी ८ कोटी डॉलरला, एवढी भारी गोष्ट हातात आणि पाच मिनिटांत विसरून मोकळे. आपल्याकडे अमृतासाठी अख्खा समुद्र घुसळला होता राव.
पण त्या तुलकूनच्या शिकारीचं मात्र मानलं. पिल्लू सोबत असल्यामुळे आईला वेगाने पळता येत नाही म्हणून मुद्दाम तिलाच गाठतात, तिथे डायलॉगची गरजच पडली नाही, माझी आठ वर्षांची पुतणी शेजारी बसून हमसून हमसून रडत होती. तेवढा भाग टीव्हीवर पण तसाच लागतो, बघ लावून.

वरणफळ
लावला काल. शिकारीच्या सीनला बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला. पुढे पायाकन नावाचा तुलकून जहाजावर उडी मारतो आणि त्या शिकाऱ्याचा हात दोरात अडकून तुटतो, तिथे म्हणाले "बरं झालं मेल्याचं". मग सलीची पोरं परत पकडली गेली आणि त्यांनी शब्दकोडं काढलं.