‘ब्रेथटेकिंग’ मालिका: ही आपली गोष्ट नव्हे

कुळागर
परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं, "‘ब्रेथटेकिंग’ बघताना बांबोळी डोळ्यांपुढे आली, ही आपलीच गोष्ट." बांबोळी म्हणजे तिथलं गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, आपलं गोमेकॉ. खाली सगळ्यांनी हात जोडले. मला ते अजिबात पटलं नाही, आणि दोन ओळींत सांगून भागणार नाही म्हणून हा वेगळा धागा.

मालिका वाईट आहे असं मी म्हणत नाही. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची, फेब्रुवारी २०२४ ची, तीनच भाग, कोविडकाळातल्या इंग्लंडमधल्या इस्पितळाची गोष्ट. लिहिणारे तिघंही डॉक्टरकी शिकलेले, त्यामुळे वॉर्डातली बोलणी खरी वाटतात. मुख्य भूमिकेत जोआन फ्रॉगॅटने काम छान केलंय. पण तीन भाग बघून हाती काय लागतं? मास्क कुठला द्यायचा, एप्रन कुठला द्यायचा, आणि मधूनमधून तिथल्या मंत्र्यांच्या बातम्यांतल्या खऱ्या चित्रफिती. त्यांचा जीव मास्कात अडकला होता, आपला ऑक्सिजनमध्ये. मे २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत गोमेकॉत ऑक्सिजनचं काय झालं ते गोव्यात अजून कुणी विसरलेलं नाही.

शिवाय मास्कवरचा तो गहजब मला अति वाटला. तोंडावर मास्क होता ना? साधा असो की भारी. आपल्या देशात काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट चढवून काम केलं.

रात्रपाळी
कुळागर भाऊ, बाकीचं मागाहून बोलू, आधी ‘मास्क होता ना’ हे शब्द मागे घ्या.

सर्जिकल मास्क असतो खोकल्याचे, रक्ताचे शिंतोडे अडवायला. गालांपाशी तो दोन्हीकडून उघडाच. श्वास ओढला की हवा सोपी वाट धरते, ती त्या फटींची. एन-९५ सूक्ष्म कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो, युरोपातला एफएफपी-३ ९९ टक्के, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर. म्हणून फिट टेस्ट असते. डोक्यावर हूड चढवतात, आत कडू किंवा गोड द्रावण फवारतात, चव लागली की तो मास्क त्या चेहऱ्यासाठी नापास. दोन दिवसांची दाढी असली तरी नापास. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणायची. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधे कोन होतो आणि तिथूनच गळती सुरू. गॉगलवर वाफ धरत असेल तर मास्कची वरची कड सुटलीय, म्हणजे बाहेरची हवाही तिथूनच आत येतेय. पाच-सहा तास असं काम करताना हे कितीदा होतं ते मोजून बघा.

आता इंग्लंडचं. १९ मार्च २०२० ला कोविड तिथल्या अतिघातक संसर्गांच्या यादीतून काढला. मग एफएफपी-३ उरला फक्त घशात नळी घालणं, हाय-फ्लो (नाकातून जोराने ऑक्सिजन), सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा) असल्या एरोसॉल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक थेंब, उडवणाऱ्या कामांपुरता. साध्या वॉर्डात खोकणाऱ्या पेशंटच्या तोंडाशी वाकणाऱ्या सिस्टरला सर्जिकल मास्क, प्लास्टिकचा एप्रन, आणि कोपराखाली हात उघडे. हृदय बंद पडल्यावर छाती दाबताना एरोसॉल उडतात की नाही, यावर तिथली सरकारी आरोग्य यंत्रणा आणि हृदय पुन्हा चालू करण्याची पद्धत ठरवणारी रिससिटेशन कौन्सिल यांचं एकमत नव्हतं. सरकारी यंत्रणा म्हणाली, उडत नाहीत. म्हणजे पेशंटचं हृदय थांबलंय आणि धावत गेलेल्या माणसाने ठरवायचं, आधी मास्क बदलू की छाती दाबू. तुम्ही याला गहजब म्हणता?

सांजवात
रात्रपाळी ताईंशी सहमत. आणि छाती दाबण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या मराठी मालिकांतल्या डॉक्टरांना कुणीतरी समजवा. मॉनिटरवर सरळ रेष आली की लगेच शॉक! सरळ रेषेला शॉक देत नाहीत. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. आपल्याकडे नायिका छातीवर दोन तळवे ठेवून रडते आणि पेशंट डोळे उघडतो. वर्षानुवर्षं हेच. इतकं चुकीचं बघून घरात प्रसंग आला की लोक तेच करायला जातात.

अंत्रुजी
माझी तक्रार मास्कची नाही. असली मालिका कुठल्याही देशाची घ्या, डॉक्टर मधे, सिस्टर बाजूला, आणि बाकीची माणसं ट्रॉली ढकलत पडद्याच्या कडेने निघून जातात. इंग्लंडात गुरुवारी रात्री आठला टाळ्या वाजवल्या, आपण २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला थाळ्या. श्वास सुधारावा म्हणून कोविडच्या पेशंटला पालथं करायला किती माणसं लागतात माहीत आहे? नळीवर असलेल्या पेशंटला पाच-सहा. एक डोक्याशी, त्याचं काम फक्त नळी धरणं आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणणं. बाकीचे दोन्ही बाजूंना. छातीचे इलेक्ट्रोड काढून पाठीला लावायचे, छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळं. असं सोळा तास, आणि दर दोन तासांनी मान दुसरीकडे, नाहीतर गालावर, हनुवटीवर जखमा होतात. या सहांतले तीन-चार अटेंडंट. त्यांची नावं कुठल्या मालिकेत येतात? आणि सिलिंडर बदलणारा तर पडद्यावर येतच नाही. मे महिन्यात ऑक्सिजन संपला तेव्हा कळलं तो माणूस काय चीज आहे ते.

बार्देसकर
अंत्रुजी, शब्द जपून वापरा. ऑक्सिजन ‘संपला’ नव्हता. ११ मे २०२१ ला मुख्यमंत्री स्वतः गोमेकॉत गेले होते, तेव्हाच ते म्हणाले की तुटवडा नाही, वॉर्डापर्यंत वेळेत पोचवण्यात अडचण आहे. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे सरकारने सांगितलं की सिलिंडरच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर वळवणं, त्या मॅनिफोल्डला, म्हणजे बरेच सिलिंडर एकत्र जोडून वॉर्डाच्या नळीत ऑक्सिजन सोडणाऱ्या जोडणीला, जोडणं यात वेळ जातो आणि दाब पडतो. ही तांत्रिक अडचण झाली. तेव्हापासून लोक ‘संपला, संपला’ म्हणत फिरतात आणि त्याचंच खरं होऊन बसतं.

अंत्रुजी
त्याच ११ तारखेला आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की पहाटे दोन ते सहा या चार तासांत गोमेकॉत २६ पेशंट गेले. गरज १२०० जम्बो सिलिंडरची, मिळाले ४००. चौकशी उच्च न्यायालयाने करावी असंही तेच म्हणाले. एकाच सरकारातले दोघे, एकाच दिवशी. तुम्ही त्यातलं सोयीचं वाक्य उचललंत.

हिशेब करा. जम्बोत सात घनमीटर, म्हणजे ७००० लिटर. १२०० जम्बो म्हणजे दिवसाला ८४ लाख लिटर, मिनिटाला सुमारे ५८३० लिटर. पेशंटला सरासरी १० लिटर धरले तर ५८० जणांचा श्वास. ४०० सिलिंडर म्हणजे १९४ जणांचा. उरलेल्या माणसांना तुमची ‘तांत्रिक अडचण’ कशी समजावणार?

बार्देसकर
मला माणसांची पर्वा नाही असं सुचवू नका. ते खपवून घेणार नाही.

तुमच्या हिशेबात मागणी आणि गरज एकच धरलीय. नॉन-रिब्रीदरवर, म्हणजे खाली पिशवी असलेल्या मास्कवर, १५ लिटर चालू आहे आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९९ टक्के आहे, हे चित्र तेव्हा देशभर होतं. लक्ष्य ९२ ते ९६ चं. ९९ दिसलं की प्रवाह हळूहळू खाली आणायचा, १५ वरून १२, १२ वरून १०, दर वेळी थोडं थांबून आकडा बघायचा. जेवताना मास्क खुंटीला लटकतो आणि फ्लोमीटर चालूच राहतो, अर्ध्या तासात ४५० लिटर हवेत. हाय-फ्लोचं यंत्र ६० लिटर आणि १०० टक्क्यांवर ठेवलं तर एक अख्खा जम्बो दोन तासांच्या आत खलास. व्हेंटिलेटर त्या मानाने कितीतरी कमी खातो. हे नीट पाळलं असतं तर १२०० ची गरज राहिली नसती. यावर बोलायला कुणी तयार नाही, कारण यात शिव्या द्यायला मंत्री सापडत नाही.

कुळागर
बघा, माझं म्हणणं हेच होतं. धागा मालिकेचा आणि सगळे ऑक्सिजनवर. कारण आपली गोष्ट तीच आहे.

पाना-पक्कड
दोघंही भांडताय, पण मॅनिफोल्ड रूममध्ये काय होतं ते कुणीच सांगत नाही.

मॅनिफोल्डला दोन बाजू. डावीकडे दहा सिलिंडर, उजवीकडे दहा, असं समजा. एक बाजू चालू, दुसरी राखीव. सिलिंडरमधला दाब चौरस सेंटीमीटरला १५० किलोच्या आसपास, तो रेग्युलेटर उतरवून चारवर आणतो आणि तांब्याच्या नळीतून वॉर्डात सोडतो. साध्या दिवसांत वॉर्डात पाच पेशंट तीन-तीन लिटरवर असतील तर मिनिटाला १५ लिटर. दहा सिलिंडर तीन दिवसांहून जास्त पुरतात. आता त्याच वॉर्डात ४० पेशंट, प्रत्येकी १२ लिटर. मिनिटाला ४८० लिटर. तेच दहा सिलिंडर दोन तास पंचवीस मिनिटांत रिकामे. तीन दिवसांचं काम अडीच तासांवर आलं. खोली तीच, पाइप तोच.

आता बदलायचे कसे. भरलेला जम्बो साठ-पासष्ट किलो. तो तिरका करून बुडाच्या कडेवर फिरवत आणायचा. रिकाम्याचा व्हॉल्व्ह बंद, नळीतला उरलेला दाब सोडायचा, मग पान्याने पिगटेल, म्हणजे सिलिंडर मॅनिफोल्डला जोडणारी नळी, सोडवायची. नव्याचा व्हॉल्व्ह जोडण्याआधी क्षणभर उघडून तोंडातली धूळ उडवायची. वॉशर बघायचा. हाताला तेल-ग्रीस लागलेलं असता कामा नये, त्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. जोडलं की व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, झटका दिला की आत उष्णता होते, रेग्युलेटरची सील जळते. मग साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघायचं. दोन माणसं सराईत असली तरी एका सिलिंडरला चार-पाच मिनिटं, दहांना पाऊण तास. ते संपेस्तोवर दुसरी बाजू निम्मीच्या वाटेला लागलेली. गाडी एक तास उशिरा आली तर सगळं चक्र मोडलं. घाईत वॉशर तिरका बसला आणि फुस्स सुरू झालं तर एक सिलिंडर गळतीतच गेला.

बार्देसकर, म्हणून ‘संपला नाही, पोचला नाही’ यात फार अर्थ नाही. अंगणात भरलेले सिलिंडर उभे असतील आणि मॅनिफोल्डच्या दोन्ही बाजू रिकाम्या असतील, तर नळीच्या शेवटच्या खाटेपाशी ऑक्सिजन संपलेलाच असतो. आणि अंत्रुजी, नुसते ८०० जास्त सिलिंडर आणून भागलं नसतं. ते जोडायला तेवढे हात आणि तेवढी तोंडं मॅनिफोल्डला हवीत. रात्रीही ४८० लिटरच लागतात, पण रात्री हात कमी असतात.

रात्रपाळी
पाना-पक्कड भाऊ, यात वॉर्डातली बाजू घालते. दाब पडला की व्हेंटिलेटर ओरडतो, त्याला आत साधारण २.८ ते ६ बार लागतो (एक बार म्हणजे तुमच्या मापात एक किलोच्या आसपास). हाय-फ्लोही ओरडतो. नॉन-रिब्रीदरवाला पेशंट ओरडत नाही. फ्लोमीटरमधली गोळी १५ वरून हळूहळू खाली बसते, मास्कखालची पिशवी फुगायची ती चपटी होते. बस. गजर नाही, दिवा नाही. पेशंट कोविडचा असल्याने सॅच्युरेशन ८० ला आलं तरी कधीकधी शांत पडून असतो. वॉर्डात एक सिस्टर आणि चाळीस पिशव्या असतील तर कुठली चपटी झाली ते ती कुठून कुठे बघणार? आणि त्या वेळी तिच्या गॉगलवर वाफ असेल तर? मास्क आणि ऑक्सिजन वेगळे विषय नाहीत, कुळागर भाऊ.

बार्देसकर
पिशवीचं मान्य. पण मेच्या मध्यावर गोमेकॉत २०,००० लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी बसली, हे पण लिहा. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू. म्हणजे एका टाकीत अडीच हजारांच्या आसपास जम्बो, ट्रॅक्टर नाही, पाना नाही. करायचं ते केलं.

पाना-पक्कड
टाकीने मोठा फरक पडला, हे खरंच. पण टाकी हा जादूचा हंडा समजू नका. द्रवाचा वायू करायला व्हेपोरायझर लागतो, उभ्या पंखांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या. ओढ जास्त असली की त्यावर बर्फ चढतो, आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेत तर भराभर. बर्फाचा थर जाड झाला की बाहेरची उष्णता आत जात नाही, दाब पुन्हा पडतो. म्हणून दोन व्हेपोरायझर आलटून पालटून चालवतात, एक चालू असताना दुसऱ्याचा बर्फ उतरतो, नाहीतर पाण्याचा पाइप मारावा लागतो. तिथेही रात्री माणूस लागतोच.

अंत्रुजी
बार्देसकर, प्रवाह कमी करण्याचं तुमचं बरोबर आहे. खुंटीवरच्या मास्कचंही. पण ते करायला जी सिस्टर लागते तिला चाळीस खाटा दिल्या की ती ९९ वाल्याकडे केव्हा जाणार? ती ८२ वाल्याकडे धावणार. तो दोष तिच्या माथी मारू देणार नाही.

बार्देसकर
तिच्या माथी मारला नव्हता. तसं वाचलं गेलं असेल तर माझी वाक्यरचना चुकली. ‘संपला नव्हता’ हा माझा शब्द मात्र मी पूर्ण सोडत नाही. शेवटच्या खाटेपुरता सोडतो.

कुळागर
‘मास्क होता ना’ हे वाक्य मागे घेतो. फिट टेस्टचं मला माहीत नव्हतं. मालिका आपली नाही, यावर मात्र ठाम आहे. त्या ताईंना बांबोळी कुठे दिसली ते मला अजून कळलेलं नाही.

एक शंका. वॉर्डाच्या दाराशी भिंतीवर गॅसच्या दाबाचं पॅनल असतं ना? दिवे आणि गजर असलेलं? ते असताना पिशव्यांकडे बघायची वेळ का यावी?

पाना-पक्कड
असतं. चारचा दाब वीसेक टक्क्यांनी खाली गेला की वाजतं. दिवसातून एकदा वाजलं तर सगळे धावतात. दर तासाला वाजायला लागलं की कुणीतरी आवाज बंद करण्याचं बटण दाबतं, कारण त्या आवाजात मॉनिटरचे गजर ऐकू येत नाहीत. त्या पॅनलखाली मॅनिफोल्ड रूमचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला हवा, आणि पलीकडे रात्री तीनलाही फोन उचलणारा माणूस.