ऑटोकॅडमध्ये भिंतीऐवजी नुसता पत्रा उभा राहतोय

रेघोट्या:
१४ वर्षं मी नगरपालिकेच्या मंजुरीचे नकाशे काढतेय. सगळं टू-डी, म्हणजे सपाट. आता आमच्या साहेबांनी एका पार्टीला "घर फिरवून दाखवतो" असा शब्द दिलाय आणि थ्री-डीचं काम माझ्या गळ्यात आलंय.

नकाशा मिलिमीटरमध्ये आहे. बाहेरच्या भिंती २३० च्या, आतल्या ११५ च्या. भिंतीच्या रेघा निवडल्या, एक्स्ट्रूड केलं (रेघ वर उचलायची कमांड), उंची ३००० दिली. तर प्रत्येक रेघेचा वेगळा पत्रा उभा राहिला! वरून बघितलं तर दोन पत्र्यांच्या मध्ये पोकळ. खिडकी कापायला सबट्रॅक्ट (वजा करायची कमांड) घेतलं तर भिंत धड कापलीच जात नाही.

मग पॉलिसॉलिड, म्हणजे थेट भरीव भिंत काढायची कमांड, करून पाहिलं. भिंत दिसेचना. झूम करत करत गेले तेव्हा सापडली: ८० उंच, ५ जाड. उंदराचं घर बांधल्यासारखी. माझं नेमकं कुठे चुकतंय?

ओळंबा:
ताई, रेघा सुट्या आहेत, चूक तिथेच आहे. चार रेघा कोपऱ्यात टेकल्या म्हणून त्यांची एक बंद आकृती होत नाही. सुट्या रेघेला उंची दिली की पत्राच मिळणार. भरीव भिंतीसाठी बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली एकच रेघ, हवी.

बाउंड्री कमांड घ्या आणि भिंतीच्या जाडीत, म्हणजे दोन रेघांच्या मधे, क्लिक करा. बाहेरची कड आणि प्रत्येक खोलीची आतली कड अशा बंद पॉलिलाइन मिळतील. सगळ्यांना उंची द्या आणि बाहेरच्या ठोकळ्यातून खोल्या वजा करा. बाउंड्री सापडत नाही असं म्हणालं तर कुठल्यातरी कोपऱ्यात फट आहे. तिथे फिलेट (कोपरा जुळवायची कमांड) घ्या, त्रिज्या ०.

पण त्याआधी दारांचं बघा. आपल्या नकाशात दाराशी भिंत तुटलेली असते. तशीच उचललीत तर दाराची फट थेट छतापर्यंत जाते, दारावरची भिंत गायब! म्हणून नकाशाची कॉपी करा, त्यात दारं-खिडक्या पुसून भिंती सलग जोडा आणि मग उचला. दारासाठी २१०० उंचीचा डबा (भरीव ठोकळा), खिडकीसाठी ९०० ते २१०० मधला. डबा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर येऊ द्या. सबट्रॅक्टमध्ये आधी भिंत, एंटर, मग डबे, एंटर. उलट केलंत तर भिंत जाते आणि डब्याच्या दोन चकत्या हातात राहतात. मी वर्षभर दर वेळी उलटच करायचो.

पॉलिसॉलिड वाईट नाही. ८० आणि ५ हे त्याचे मूळचे आकडे आहेत. सुरुवातीलाच उंची आणि जाडी भरायची.

कटिंगचहा:
एवढी खटपट कशाला? स्केचअप हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या, तासाभरात घर उभं.

ओळंबा:
त्यांचा नकाशा तयार आहे हो. पुन्हा पहिल्यापासून काढायला लावता का?

ब्रास-बिल:
मी साइटवर मापं काढतो, म्हणून एक सांगतो. या मॉडेलवरून विटा मोजायचा मोह होईल. मासप्रॉप कमांड आकारमान देते, पण घन मिलिमीटरमध्ये. घनमीटरसाठी नऊ शून्यं काढा. आणि ३००० ही मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची झाली. वर ४५० चा बीम असेल तर वीटकाम २५५० लाच थांबतं. कॉलमची जागाही वजा करा. भिंती वेगवेगळ्या काढून बेरीज केली, तर जिथे त्या एकमेकींत घुसल्यात तो भाग दोनदा मोजला जातो. आधी युनियन करा, म्हणजे सगळ्या भिंतींचा एकच ठोकळा.

रेघोट्या:
झालं! फट बाथरूमच्या कोपऱ्यात होती, ३ मिमीची. इतकी वर्षं तो नकाशा छापतोय, कागदावर कधी दिसली नाही.

ब्रास-बिल दादा, तुमचं ऐकून हॉलची एक भिंत तपासली. लांबी ४२००, जाडी २३०, १२०० बाय १२०० ची एक खिडकी. ३००० उंचीला २.५७ घनमीटर येत होतं, २५५० ला २.१३. साहेबांनी पार्टीला आधीच पहिला आकडा धरून अंदाज दिलाय. आता दुसरा आकडा त्यांना कोण सांगणार, यावर ऑफिसात सगळे माझ्याकडेच बघतायत.