मदत हवी आहे: एकाच माणसाला टायफॉइडही आणि डेंग्यूही? घरात नेमकं काय जपायचं?

गिरणाकाठची (गुरुवार, दुपार)

नमस्कार मंडळी. जाणकारांनी, विशेषतः डॉक्टर मंडळींनी, जरा लक्ष द्यावं ही विनंती.

आम्ही जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. सासऱ्यांना (घरात सगळे आप्पा म्हणतात, वय 67) रविवारी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. 103 पर्यंत गेला. डोकं ठणकतंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय, कंबर तर मोडून आल्यासारखी. दिवसभर कपाशीत खत टाकताना भिजले होते, त्यामुळे पहिल्या रात्री कोणी फार मनावर घेतलं नाही. सोमवारी गल्लीतल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं. दोन तास बरं वाटलं, परत ताप चढला. मंगळवारी रक्त तपासलं तर मलेरिया निगेटिव्ह आणि टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह, ओ 1:80 आणि एच 1:160. लगेच टायफॉइड म्हणून सकाळ-संध्याकाळ सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. बुधवारी भाचा धुळ्याहून आला. तो फार्मसी शिकतो. त्याने हट्टाने डेंग्यूची टेस्ट करायला लावली, ती एनएस1 पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट 1,12,000. डॉक्टर म्हणाले दोन्ही आहे, चालू आहे ते चालू राहू द्या.

आता दोन्ही खरंच एकदम होतं का? माझ्या माहेरी पारोळ्याकडे आणि इथे सासरीही पावसाळ्यात ज्याला ताप त्याला टायफॉइड निघतो. मागच्या वर्षी जावेला निघाला, त्याआधी माझ्या मोठ्या मुलीला. इतका टायफॉइड असेल तर आम्ही नक्की काय पितोय?

पाण्याचंही सांगते. नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं. त्यामुळे दारात तीन निळी टिपं, गच्चीवर टाकी, मोरीत हौद, शिवाय माठ आणि पिंप. पाणी फेकून द्यायची कोणाची छाती होत नाही. काल भाच्याने मागच्या पडवीतला कूलर उघडला. उन्हाळा संपल्यापासून तो तसाच पडून होता. तळाला चार बोटं पाणी आणि त्यात बारीक काळ्या अळ्या. बोट लावलं की शेपटी आपटत खाली जायच्या, परत वर येऊन उलट्या लटकायच्या. आम्ही सगळे वाकून बघत बसलो, पोरांना तर गंमतच वाटली.

दुसरा प्रश्न घरातल्यांचा. माझी दोन मुलं आप्पांजवळच झोपतात. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं काढलंय. हे बरोबर का? आणि खरी काळजी कानबाईची. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई (आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी) बसते. भाऊबंदकी सगळी येणार, रात्रभर जागरण, दुसऱ्या दिवशी विसर्जन. नैवेद्याचे रोट आमच्याच चुलीवर होतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेरून आणून चालत नाहीत. घरात साथीचा रोग असताना चाळीसएक माणसांना बोलवावं का? सासूबाई म्हणतात, कानबाई टाळायची नाही. नवरा म्हणतो, तूच विचार कुठेतरी.

तसा आज सकाळपासून ताप उतरलाय, 99 च्या आत आहे. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाई म्हणे, "ताप उतरना ना, आते काय चिंता नही." फक्त ते जेवत नाहीत, पोट दुखतंय म्हणतात, दोन-तीन उलट्या झाल्या. रिकाम्या पोटी एवढी औषधं, पित्त झालं असणार. बोलतही नाहीत फारसे, पडून आहेत.

---

वैद्यबुवा (गुरुवार, 20 मिनिटांनी)

ताई, बाकीची उत्तरं नंतर. तुम्ही शेवटी जे सहज लिहिलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ताप उतरल्यावर पोटदुखी, वारंवार उलट्या, मलूल पडून राहणं, हे डेंग्यूत पित्त नसतं. धोक्याची खूण असते. ताप उतरतो तेव्हापासूनचे 24 ते 48 तास सगळ्यात जोखमीचे. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात, छातीत साचू शकतं आणि बीपी घसरतं. गल्लीत सलाईन लावून भागणार नाही. जिथे रक्त दर काही तासांनी तपासता येतं, रात्री डॉक्टर हजर असतात, अशा ठिकाणी आत्ता न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

जाताना सगळे रिपोर्ट घ्या आणि कमरेतलं इंजेक्शन कशाचं होतं ते विचारून घ्या. डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या अंतराने. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक बिलकुल नको. आप्पा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असतील तर तेही सांगा, ती गोळी परस्पर बंद-चालू करू नका.

---

शहाद्याचा_माणूस

ताई, पपईच्या पानांचा रस द्या. आमच्याकडे पपईचे मळेच्या मळे आहेत, लागतील तेवढी पानं पाठवतो. आमच्या चुलत्यांच्या प्लेटलेट दोन दिवसांत दुप्पट झाल्या होत्या.

---

वैद्यबुवा

शहादेकर भाऊ, डेंग्यूत ताप उतरून तब्येत सावरायला लागली की प्लेटलेट आपोआपच वाढतात. रस प्यायला असो वा नसो. आणि ज्याला आधीच उलट्या होताहेत त्याला कडू रस पाजला तर आणखी उलट्या होणार आणि उलटी रोगाची की रसाची हे डॉक्टरला कळणार नाही. आज तरी नको.

---

गिरणाकाठची (गुरुवार, रात्र)

जळगावला आणलंय. बीपी खाली आलं होतं. पीसीव्ही 51 निघाला, इथल्या डॉक्टरांनी प्लेटलेटपेक्षा त्याच आकड्याकडे जास्त लक्ष दिलं. सलाईन मोजून चालू आहे, लघवीही मोजताहेत. सविस्तर नंतर लिहिते. वैद्यबुवा, काय लिहू, हात जोडते.

---

वैद्यबुवा (शुक्रवार)

चांगलं झालं. पीसीव्ही म्हणजे रक्तात पेशींचा वाटा किती. पाणी बाहेर झिरपलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा याच झिरपण्याने, नुसत्या प्लेटलेट कमी झाल्याने नाही. आपल्याकडे मात्र अख्खं खानदान प्लेटलेटचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत बसतं आणि रक्तदाते शोधत हिंडतं. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज सहसा पडत नाही.

आता टायफॉइडचं. विडाल टेस्ट 1896 सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजते. टायफॉइडमध्ये ती वर यायला आठवडाभर लागतो. आप्पांचा ताप रविवारचा, टेस्ट मंगळवारची. तिसऱ्या दिवशी दिसलेली प्रतिपिंडं या तापाची असण्याची शक्यता फार कमी. आपल्या भागात टायफॉइडचा जंतू कधी ना कधी बऱ्याच जणांच्या पोटात जाऊन आलेला असतो, शिवाय मलेरिया, डेंग्यूसारख्या दुसऱ्या तापातही हे आकडे थोडे वर जातात. 1:80 आणि 1:160 असे आकडे तर धडधाकट माणसातही सापडतात. म्हणून तुमच्या गल्लीत ज्याला ताप त्याला टायफॉइड. दोन्ही एकदम होऊच शकत नाही असं नाही, पण या कागदावरून ते ठरत नाही. खरा टायफॉइड पकडायचा तर ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि पैसे जास्त, म्हणून कोणी सांगत नाही. विडाल स्वस्त, तासाभरात कागद हातात, पेशंट खूश.

यात नुकसान काय? एक म्हणजे डेंग्यूच्या विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. दुसरं, उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने टायफॉइडचे जंतू निर्ढावतात. पूर्वी ज्या गोळ्यांनी टायफॉइड हमखास बरा व्हायचा त्यातल्या काही आज चालत नाहीत. आणि तिसरं तुम्ही काल बघितलंत. "टायफॉइडचा इलाज चालू आहे" म्हणून सगळे निर्धास्त राहिले.

डेंग्यूच्या टेस्टलाही दिवस बघावा लागतो. एनएस1 म्हणजे विषाणूचंच प्रथिन, ते पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं; आयजीएम म्हणजे त्याविरुद्धची प्रतिपिंडं, ती त्यानंतर. सहाव्या-सातव्या दिवशी नुसती एनएस1 करून निगेटिव्ह आली तर डेंग्यू नाही असं समजू नये. खात्रीची एलायझा टेस्ट सरकारी यंत्रणेत मोफत होते, आयजीएमचे किट पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) पुरवते. आशाताईंना विचारलंत तर नमुना कुठे द्यायचा ते सांगतील.

---

धडगावकर

मी सातपुड्यातला, आमच्याकडे उलटी गंमत. इथे ताप म्हटला की आधी हिवताप बघतात, कारण तो असतोच. एक सांगतो, हिवतापाची टेस्ट एकदा निगेटिव्ह आली म्हणून सोडून देऊ नका. ताप राहिला तर परत करा. आणि व्हायवॅक्स (हिवतापाचा एक प्रकार) निघाला तर 14 दिवसांच्या गोळ्या पुऱ्या घ्या. आमचे लोक ताप गेला की तिसऱ्या दिवशी बंद करतात. जंतू लिव्हरमध्ये दडून बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजते. मग म्हणतात, नवीन डास चावला.

---

गिरणाकाठची (रविवार)

आप्पांनी आज खिचडी मागून खाल्ली. पीसीव्ही 42 वर आला, प्लेटलेट 58,000 वरून वर सरकताहेत. अँटिबायोटिक इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. उद्या-परवा सोडतील.

आता ताट-तांब्या आणि कानबाईचं सांगा. सासूबाई रोज फोन करून तेच विचारताहेत.

---

वैद्यबुवा

ताट-तांब्या एकत्र ठेवा, नातवंडांनाही जवळ बसू द्या. डेंग्यू शिवून, उष्ट्यातून, खोकल्यातून जात नाही. माणसातून माणसात जायला त्याला डास लागतो. वेगळ्या ताटाची सवय टायफॉइड, कावीळ, हगवण यांच्यासाठी ठीक आहे. टायफॉइडचा जंतू विष्ठेतून पाण्यात, हातांवर आणि तिथून अन्नात जातो. खरंच टायफॉइड असलेल्या माणसाने पूर्ण बरं होईपर्यंत चाळीस जणांचे रोट थापू नयेत. पण आप्पा चुलीकडे फिरकत नसतील असं गृहीत धरतो.

कानबाईबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे तारखेचा हिशोब आहे. तापाच्या दिवसांत आप्पांना जे डास चावले असतील त्यांच्या पोटात विषाणू वाढायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर तो डास मरेपर्यंत चावेल त्याला डेंग्यू देऊ शकतो. ताप गेल्या रविवारी आला, कानबाई पुढच्या रविवारी. म्हणजे पाव्हणे यायच्या सुमारालाच तुमच्या घरातले डास तयार होणार. तोवर आप्पा बरे होऊन गादीवर टेकून बसलेले असतील आणि कोणाच्या मनातही येणार नाही.

म्हणून कानबाई टाळू नका, घर आजच हाती घ्या. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. दारं लावून तिथे फवारा मारा. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला घरात पेशंट असल्याचं कळवा, म्हणजे धूरफवारणी करतील आणि आजूबाजूची घरंही तपासतील. हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे शेजारच्या चार-पाच घरांची टिपंही तुमचीच समजा. त्यांच्याशी बोला.

टिपांचं सांगतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, आणि तुमचं पाणीही आठ-दहा दिवसांनीच येतं. पाणी फेका असं मी म्हणणार नाही, खान्देशात राहून ते म्हणवत नाही. पण नळ यायच्या दिवशी टिप पूर्ण रिकामं होतं तेव्हा आतून काथ्याने घासा, विशेषतः पाण्याची रेघ जिथे राहते तिथे. अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून परत भरलं तर तीच अंडी उबतात. भरल्यावर तोंडाला जुन्या सुती धोतराचं दुहेरी फडकं सुतळीने घट्ट बांधा, झाकण हवेने हलतं. कूलरच्या तळालाही घासणी मारा आणि त्याचं गवत काढून जाळून टाका.

---

गिरणाकाठची

गवत आज नवऱ्याने जाळलं. टिपं बुधवारी पाणी आलं की घासू, शेजारच्या काकूंनाही सांगितलंय. त्या म्हणाल्या, आमच्याकडे डास नाहीतच. मी त्यांच्याच तुळशीच्या कुंडीखालची ताटली उचलून दाखवली.

एक राहिलं. मोरीतला हौद रिकामा होतच नाही, सिमेंटचा आहे, खाली तोटी नाही. त्याचं काय करू?

---

धडगावकर

गप्पी मासे सोडा. अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याकडे फुकट मिळतात, बरणी घेऊन जायचं. पिण्याच्या पाण्यात नाही, फक्त वापरायच्या हौदात. आणि हौदाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका, मासे मरतात.