पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकात कीबोर्डची घूंघूं, लटकत्या माईकची शिट्टी : नेमकं काय तपासायचं?

पडद्यामागचा
शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत प्रयोग लागोपाठ आहेत, म्हणून आत्ताच विचारून राहिलो. मांडणी अशी : जनरेटर मंडपापासून लांब, तिथून एकच वायर मंचापर्यंत. त्याच वायरवर हॅलोजन, डिमर (लाइट मंद करायचं यंत्र), मिक्सर, ॲम्प्लिफायर, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). मंचावर तीन लटकते माईक. साथीदार मंचाच्या पुढे खाली बसतात, मिक्सर बाजूला. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत साधी जॅकची वायर, अंदाजे ५० फूट.
त्रास चार. कीबोर्ड लावला की घूंघूं येते, लाइट मंद केले की ती चरचरीत होते. सगळे लाइट एकदम लागले की पॅड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लटकते माईक वाढवले की शिट्टी. आणि मध्यरात्रीनंतर ढोलकी उतरते. कुठून सुरुवात करू?

वायरमन_ब्रह्मपुरी
सुरुवात विजेपासून. मिक्सरची बटणं नंतर फिरवा.
आधी दोन आवाज वेगळे ओळखा. जाड, एकसारखी घूं ५० हर्ट्झची असते; ती बहुतेक अर्थच्या (अर्थिंगच्या) फेऱ्यातून येते, म्हणजे मिक्सर आणि कीबोर्ड-पॅड दोन जागांहून वीज घेतात आणि त्यांच्या अर्थमधला फरक ऑडिओ वायरमधून वाहतो. चरचर मात्र डिमरची. डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीत वीज मधेच तोडतो, त्याचा कचरा त्याच वायरवर पसरतो. लाइट पूर्ण लावल्यावर किंवा पूर्ण बंद केल्यावर चरचर जाते का पाहा. गेली तर गुन्हेगार सापडला.
कीबोर्डसाठी आणखी सोपी चाचणी : अडॅप्टर काढून सेलवर चालवा. घूं गेली तर दोष वीज-अर्थच्या रस्त्यात आहे. राहिली तर वायर किंवा जॅक.
मग मल्टिमीटर घ्या. मंचावरच्या बोर्डात फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ, दोन्ही दोनदा मोजा : लाइट बंद असताना आणि सगळे लागलेले असताना. आकडे इथे टाका. अंदाजावर वायर बदलू नका, पैसे वाया जातात.

साऊंड_ऑपरेटर
घूं घालवायला थ्री-पिनची मधली, अर्थची पिन काढा, लगेच जाते. सगळेच करतात.

वायरमन_ब्रह्मपुरी
करतात, आणि म्हणूनच माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. पिन काढली की घूं जाते, सोबत बचावही जातो. ॲम्प्लिफायरच्या आत फेज बॉडीला लागला तर तो करंट माईकच्या जाळीपर्यंत येईल. दवानं ओली जमीन, लोखंडी पाइपांचा मंच, अनवाणी नट. अर्थ तोडायचाच असेल तर ऑडिओच्या वायरमध्ये, डीआय बॉक्सच्या (वाद्याचा सिग्नल माईकच्या वायरवर घालणारी डबी) ग्राउंड लिफ्टनं, म्हणजे ऑडिओचा अर्थ तोडणाऱ्या बटणानं. विजेच्या पिनमध्ये कधीच नाही. बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

पडद्यामागचा
मोजलं भाऊ. लाइट बंद : फेज-न्यूट्रल २२६ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ १ च्या आत. सगळे लाइट लागल्यावर : १८८ आणि १९. क्लॅम्प मीटरमध्ये १३ अँपिअर. वायर २.५ चौरस मिमी, ॲल्युमिनियमची, जवळपास १२० मीटर.

वायरमन_ब्रह्मपुरी
आकडे बोलतात राजेहो. २.५ च्या ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे १.५ च्या तांब्याइतकाच. जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे २.९ ओहम. गुणिले १३ अँपिअर, ३८ व्होल्ट. तुमची व्होल्टेजची घट बरोबर तेवढीच आहे, २२६ चे १८८. यातली निम्मी न्यूट्रलच्या तारेत, म्हणून न्यूट्रल-अर्थ १९. जनरेटर ठीक आहे. पॅड बंद पडतो तो या घटीमुळे : हॅलोजन थंड असताना लागला की क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज १८८ च्याही खाली जातं.
उपाय दोन. एक, तीच लांबी पण वायर ६ चौरस मिमी तांब्याची किंवा १० ची ॲल्युमिनियम. घट १० व्होल्टच्या आत येईल. दोन, मला हाच जास्त पटतो : लाइटला जुनी वायर राहू द्या, आवाजासाठी जनरेटरपासून वेगळी २.५ ची तांब्याची तीन-तारी वायर ओढा. ४ अँपिअरला घट ७ व्होल्ट. डिमरची चरचरही बरीच कमी होते.
जनरेटरपाशी न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले आहेत का, तेही पाहा. नसतील तर आरसीसीबी फेज-अर्थ दोषात पडेलच याचा भरवसा नाही. थ्री-फेज जनरेटर मिळाला तर लाइट दोन फेजवर, आवाज एकावर, पण न्यूट्रलचा नट स्वतः घट्ट करा. न्यूट्रल सुटला तर ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं, आणि तो फेज बहुतेक आवाजाचाच असतो. काहीही प्लगमध्ये घालण्याआधी मीटर लावा.

मिक्सरवाला
विजेचं झालं, आता वायर आणि माईक.
जॅकची साधी वायर १५-२० फुटांच्या वर नेऊ नका. कीबोर्डजवळ पॅसिव्ह डीआय बॉक्स ठेवा. कीबोर्ड ते डीआय छोटा जॅक, डीआय ते मिक्सर माईकचीच बॅलन्स्ड (दोन तारा आणि वर जाळी असलेली) वायर. पॅडला दुसरा डीआय. कीबोर्ड-पॅडची वीज मिक्सरच्याच बोर्डातून न्या. ऑडिओ आणि विजेची वायर एकत्र बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.
शिट्टी. तीन माईक एकदम उघडे असले की एकाच माईकपेक्षा शिट्टी ५ डेसिबल आधी येते. म्हणून ऑपरेटरनं नाटकाची वही समोर ठेवावी आणि ज्याचा संवाद त्याचाच माईक वर घ्यावा. मेहनतीचं काम आहे, पण कुठल्याही यंत्रापेक्षा चांगलं. माईक खाली आणता आला तर आणा : तोंडापासून अंतर चार फुटांचं दोन फूट झालं की ६ डेसिबल फुकटात मिळतात. स्पीकरचे बॉक्स माईकच्या रेषेच्या निदान सहा-आठ फूट पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. भोंगे मंचाकडे वळलेले नकोत.
मग रिकाम्या मंचावर माईक हळूहळू वाढवा. पहिली शिट्टी आली की ग्राफिक इक्वलायझरवर ती पट्टी शोधून ३ ते ६ डेसिबल खाली. असं दोन-तीन पट्ट्यांपर्यंतच. दहा पट्ट्या कापल्या तर नट डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मंडप भरल्यावर माणसं आवाज शोषतात, तेव्हा थोडी जागा आपोआप मिळते.

ढोलकीची_शाई
ढोलकी उतरते ती दवानं. कातडं ओल धरतं, ताण ढिला होतो, स्वर खाली येतो. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही, म्हणून बेसूर जास्त टोचतो. वाद्य जमिनीवर ठेवू नका, खाली घोंगडी घाला. प्रवेशांच्या मधे सुती कापडानं झाका. प्लॅस्टिक नको, आत पाणी धरतं. १०० वॅटचा पिवळा बल्ब दीड-दोन फुटांवर ठेवला तर ऊब पुरते. शेकोटीला जवळ धरून शेकू नका, शाई (कातड्यावरचा काळा लेप) तडकते. खंजिरीचंही तेच. जोड जमत असेल तर दुसरी ढोलकी गरम कापडात तयार ठेवा.

पडद्यामागचा
वेगळी वायर घेतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते दाबून ठेवायचं की सोडून?

मिक्सरवाला
आधी सोडून ऐका, मग दाबून. ज्यात घूं कमी, ते ठेवा. बटण दाबताना तो चॅनल खाली घ्या, नाहीतर बॉक्समध्ये जोराचा फट्ट येतो.