मर्सिडीज २४०डी (डब्ल्यू१२३): पट्टीवरचे कोड, इंजिन नंबर आणि कागद जुळत नाहीत

सदाशिवपेठ२४०
मंडळी, १९७७ ची २४०डी आहे. उजव्या हाताचं स्टीअरिंग, चार गिअर. उघडून सगळं नीट करायच्या आधी मूळची गाडी काय होती ते कागदावर पक्कं करायचंय.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, ठोकलेला नंबर १२३ १२३ २० आणि पुढे सहा आकडे. आरसीवर मात्र नुसतं २० आणि ते सहा आकडे, सुरुवातीचे सहा गायब. रेडिएटरच्या वरच्या पत्र्यावर एक छोटी पट्टी आहे. तिच्यावर ६२३ एच, ४१२, ४६६ आणि ५७० एवढं वाचता येतं, बाकी काळ्या रंगाखाली दबलंय, कारण गाडी आज काळी आहे. एसी आहे, सनरूफ आहे, पुढच्या दोन सीटांमधला आर्मरेस्ट नाही. इंजिनावरच्या नंबराची सुरुवात ६१६ ने होत नाही, आणि मेकॅनिक पिस्टन मागवायची घाई करतोय. यातलं मूळ काय आणि नंतरचं काय?

फायरवॉल
आधी मेकॅनिकला थांबवा, पिस्टनचं खाली कोणीतरी लिहीलच. पट्टी आणि चॅसिस नंबराचं मी सांगतो.

पहिले तीन आकडे १२३ म्हणजे मॉडेल मालिका. पुढचे १२३ म्हणजे २४०डी सेडान. २००डी असती तर तिथे १२० आलं असतं, ३००डी ला १३०. त्यानंतरच्या जोडीत पहिला आकडा स्टीअरिंगचा, १ डावं आणि २ उजवं. दुसरा गिअरबॉक्सचा, ० हाताचा आणि २ ऑटोमॅटिक. तुमचे २० म्हणजे कारखान्यातूनच उजव्या हाताची आणि हाताच्या गिअरची, त्यामुळे स्टीअरिंग इकडे आल्यावर बदललंय का ही शंका मिटली. ८० च्या दशकात नंबर १७ अक्षरी झाला, पुढे डब्ल्यूडीबी आलं आणि गिअरबॉक्सच्या आकड्याच्या जागी कारखान्याचं अक्षर बसलं. त्या गाड्यांना हे कोष्टक लावू नका.

आरसीवर शेवटचे आठच आकडे असणं जुन्या आयात गाड्यांत नेहमीचं. ते आठ तंतोतंत जुळतात का एवढं आत्ता बघा. जर्मन ठशातला १ वर शेंडीवाला असतो, तो इथे बरेचदा ७ म्हणून लिहिला गेलाय. ३ आणि ८ चा घोळही तितकाच.

ठसा वाचायला ग्राइंडर, वायर व्हील, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. घासलेला ठसा पुढे कोणत्याही तपासणीत संशयास्पदच ठरतो, मग नंबर अगदी खरा का असेना. कापसावर थिनर घेऊन रंग मऊ करायचा, जुन्या टूथब्रशने आकड्यांच्या खोबणीतून काढायचा आणि कोरड्या फडक्याने टिपायचा. मग अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, आडव्या प्रकाशात प्रत्येक आकड्याची सावली उभी राहते. फोटो काढा आणि आरटीओला देतो तसा पेन्सिलचा छापही घ्या: ठशावर मऊ पेन्सिल आडवी फिरवायची, वर पारदर्शक टेप दाबायची, उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. मूळ ठशाच्या आकड्यांची उंची आणि अंतर सारखं असतं. एखादा आकडा खोल, तिरका किंवा वेगळ्या वळणाचा निघाला, किंवा भोवती वेल्डिंगची कड हाताला लागली, तर तिथेच काम थांबवून कागद पुन्हा तपासा.

आता पट्टी. ६२३ हा रंगाचा कोड, फिका हस्तिदंती. पुढचं एच हे अक्षर रंग पुरवणाऱ्याचं, एच म्हणजे हर्बर्ट्स, जी असतं तर ग्लासुरिट. जर्मनीतल्या टॅक्सींचा रंग हाच म्हणून तुमची गाडी टॅक्सी होती असं कोणी ठोकून दिलं तर ऐकू नका. हा कॅटलॉगमधला साधा रंग होता, कोणीही मागवू शकत असे.

बाकीचे तीन आकडी कोड जादा मागवलेल्या वस्तूंचे. ४१२ विजेवर चालणारं सनरूफ, ४६६ सेंट्रल लॉकिंग, ५७० पुढचा आर्मरेस्ट. म्हणजे सनरूफ मूळचं आणि आर्मरेस्ट कोणीतरी काढलाय. एसीचा कोड ५८०. तो पट्टीवर कुठेच निघाला नाही तर एसी नंतर बसवलेला. पण हा निकाल पट्टी पूर्ण वाचल्यावरच, आत्ता नाही. पट्टी पातळ असते, थिनर जपून वापरा आणि खरवडू तर मुळीच नका.

४६६ ची खात्री दाराचं पॅड काढून होते. या गाड्यांचं लॉकिंग व्हॅक्यूमवर चालतं, दाराच्या पोकळीत बारीक पिवळ्या नळ्या आणि कुलपाच्या दांडीला जोडलेला रबरी पडद्याचा डबा दिसायला हवा. त्याऐवजी विजेची छोटी मोटर आणि बाजारी वायर दिसली तर मूळ यंत्रणा गेली. चारही दारं बघा, एकावरून ठरवू नका.

रंगारी_खडकी
रंगाबद्दल थोडं. पट्टी ६२३ सांगते, पण पट्टी रिव्हेटांवर असते आणि रिव्हेट बदलता येतात, म्हणून पत्र्यालाही विचारा. मागच्या सीटच्या गादीखाली, डिकीतल्या बाजूच्या पुठ्ठ्यामागे आणि डॅशखाली बघा. रीपेंट करणारा इथे सहसा पोचत नाही.

उघड्या भागावर खिडकी पाडायची असेल तर डिकीच्या झाकणाची आतली कड निवडा. ६०० चा वॉटर पेपर बोटाला गुंडाळून, पाणी लावत, दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा गोल घासा आणि १००० ने फिरवून संपवा. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतील: वरून काळा, त्याखाली सरफेसर म्हणजे रीपेंटच्या आधीचा अस्तराचा थर, मग पुन्हा रंग, मग कारखान्याचा प्रायमर, मधोमध पत्रा. पत्र्याच्या सर्वांत जवळचा जो रंगाचा थर, तो मूळ. काळ्या आणि हस्तिदंतीच्या मध्ये आणखी एखादा रंग निघाला तर गाडी दोनदा रंगली आहे. पुटीचा जाड पिवळट थर लागला तर तिथे ठोकाठोक झालेली आहे.

बोअरगेज
आता इंजिन. डब्ल्यू१२३ च्या २४०डी चं मूळ इंजिन ६१६.९१२. नंबरात हे सहा आकडे, मग चॅसिससारखीच दोन आकड्यांची जोडी, मग सहा आकडे. ठसा ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या, डाव्या बाजूला, मागच्या टोकाला, डिझेल पंपाच्या मागे. तिथे तेल आणि धुळीचा थर हमखास असतो, रॉकेल आणि पितळी ब्रशने साफ करा. ६१६.९१६ निघालं तर ते आधीच्या डब्ल्यू११५ चं. ६१५ ने सुरुवात झाली तर २०० किंवा २२०डी चं लहान इंजिन.

तुमच्याकडे ६१६ नाही म्हणता. ६१५ ही नसेल तर पुण्यात पहिली शक्यता आकुर्डीची. बजाज टेंपोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, हेच ओएम ६१६ परवान्याखाली इथे बनवलं आणि ते ट्रॅव्हलर, ट्रॅक्समध्ये बसलं. जुन्या मर्सिडीजला ते सोयीचं पडतं म्हणून अनेक गाड्यांत गेलंय. इंजिन म्हणून त्यात वाईट काही नाही, सुटे भागही गावात मिळतात. पण ते गाडीचं मूळ इंजिन नव्हे, आणि आरसीवर कोणता नंबर आहे हे आजच बघा. बदलाची नोंद नसेल तर आधी ती करून घ्या.

एक सापळा. ब्लॉकवर आणि हेडवर (ब्लॉकवरच्या झाकणावर) उठावाने ओतलेला, आर ने सुरू होणारा नंबर असतो. बरेच जण तोच इंजिन नंबर किंवा पार्ट नंबर समजतात. आर म्हणजे रोटाइल, कच्चं ओतकाम. एकाच ओतकामातून मशिनिंग करून वेगवेगळे भाग बनतात, त्यामुळे त्या नंबराने माल मागवला की चुकीचा येतो. गाडीची ओळख पटवणारा नंबर ठोकलेला असतो, ओतलेला नाही.

आणि पिस्टन. ऑगस्ट १९७८ पर्यंतचं ६१६ हे २४०४ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९१.० मिमी. त्यानंतरचं २३९९ सीसी, बोअर ९०.९. स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव दोन्हींत ९२.४. गाडी १९७७ ची म्हणून ९१.० चे पिस्टन मागवले आणि ब्लॉक नंतरचा निघाला तर ते आत जाणारच नाहीत. उलट झालं तर जास्त वाईट: ९०.९ चे पिस्टन मोठ्या बोअरमध्ये सहज बसतात आणि मग थंड इंजिन खडखडतं, तेल खातं.

म्हणून हेड उघडून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा आणि उभा मोजा. चार सिलिंडरांची २४ मापं कागदावर मांडा. झीज वर सर्वांत जास्त असते. रिंग जिथवर पोचत नाही त्या अगदी खालच्या भागातलं माप मूळ साइझच्या सर्वांत जवळचं. जुन्या पिस्टनचं डोकं कार्बन काढून बघा. माले कंपनीचा असेल तर व्यास ठोकलेला असतो आणि शेजारी ‘एसपी’ लिहून पिस्टन आणि सिलिंडरमधली फट दिलेली असते. तिथे ९१.५ च्या आसपास आकडा दिसला तर ब्लॉक आधीच एकदा बोअर झालाय, म्हणजे सिलिंडर कापून मोठे केलेत.

सदाशिवपेठ२४०
फार उपयोगी, आभार. आरसीवर तोच ६१६ नसलेला नंबर आहे, म्हणजे नोंद झालेली दिसते. पट्टी पूर्ण साफ केली, ५८० नाही. मीटर मूळचं आहे का हे कसं कळेल? आणि जुन्या बाजारात आर्मरेस्ट शोधताना नंबर कसा वाचायचा?

फायरवॉल
मीटर व्हीडीओ कंपनीचं असतं, मागच्या डब्यावर महिना आणि वर्ष छापलेलं मिळतं. तारीख गाडी बनण्याच्या आधीची, थोड्या महिन्यांच्या अंतराची हवी. गाडीनंतरची तारीख म्हणजे मीटर बदललेलं, त्यात वाद नाही. हाच नियम तारीख असलेल्या प्रत्येक भागाला लावा.

काढताना बॅटरी सोडा. पॅनल नुसतं घर्षणावर बसलेलं असतं, दोन्ही बाजूंनी तारेचे हूक घालून हळूहळू सारखं ओढा. झटका देऊ नका: ऑइल प्रेशरच्या मीटरला खरंखुरं तेल वाहणारी बारीक नळी येते. ती दुमडली किंवा तुटली की इंजिन चालू करताच गरम तेल कार्पेटवर.

पार्ट नंबर असा वाचा: ए, मग तीन आकडे मालिकेचे, मग दोन आकडे गटाचे. १२३ नंतर ४२ आले तर ब्रेक, ४६ स्टीअरिंग, ६८ आतली सजावट, ७२ पुढचं दार, ८२ वीज. सुरुवात ११५ ने झाली तर भाग आधीच्या मालिकेसाठी काढलेला, पण तो १२३ मध्येही वापरलेला असू शकतो, म्हणून तेवढ्यावरून नाकारू नका. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाताना सीटच्या कापडाचा कोडही लिहून न्या. पहिला आकडा १ असेल तर एमबी-टेक्स म्हणजे मर्सिडीजचं कृत्रिम चामडं, २ खरं चामडं, ९ मखमल. आर्मरेस्टचं कव्हर वेगळं निघालं तर नुसता सांगाडा घ्या.

बोअरगेज
पट्टीवर न मावलेलं डेटा कार्डावर, म्हणजे कारखान्याच्या नोंदीच्या कार्डावर, मिळेल. पूर्ण चॅसिस नंबर आणि मालकीचा पुरावा देऊन मर्सिडीजच्या क्लासिक विभागाकडे मागा. त्यात मोटोर, गेट्रीबे म्हणजे गिअरबॉक्स आणि लेंकुंग म्हणजे स्टीअरिंग यांचे मूळ नंबर असतात, शिवाय लाक म्हणजे रंग. गिअरबॉक्सचा नंबर जुळतो का तेही बघून घ्या, इंजिन बदलताना तोही बरेचदा बदलला जातो.

जुलै २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे आणि रोजच्या वापराला तो नंबर चालत नाही. त्यामुळे ६१६.९१२ चा मूळ ब्लॉक आधीच्या मालकाच्या गॅरेजमध्ये अजून पडलाय का, हे आधी विचारा. कार्डावरचा नंबर हातात आला की ब्लॉक समोर ठेवून दोन मिनिटांत कळेल.