एसीच्या बेडरूमची खिडकी कधी उघडायची, किती वेळ?

आठवा_मजला:
गोरेगाव पूर्व. बेडरूम १२ × १० फूट, उंची ९ फूट. पश्चिमेला ५ × ४ ची दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी. १ टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट २३ वर, झोपणारी माणसं दोन. लागून बाथरूम, त्यात डक्टकडे (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडे) तोंड असलेला ६ इंची एक्झॉस्ट. रात्री ११ ते ६ सगळं बंद असतं. सकाळी खोली कोंदट आणि डोकं जड. खिडकी उघडली की पाच मिनिटांत आरशाला आणि कपाटाच्या दाराला घाम सुटतो. समोर टॉवरचं काम चालू आहे, धूळ भरपूर.
घरात एकाचं म्हणणं, खिडकी उघडली की वीज वाया. दुसऱ्याचं म्हणणं, एसीच बंद करा. नेमकं काय करावं?

टनभर_थंडी:
आधी एक गैरसमज बाजूला करू. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. भिंतीतून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत फक्त गॅस फिरतो. आतला युनिट खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत तुमच्याच अंगावर सोडतो. विंडो एसीला व्हेंटचा खटका असतो, पण त्यातून येते ती हवा नावापुरती.

तुमची खोली साधारण ३० घनमीटर. झोपलेली दोन माणसं मिळून तासाला २५ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद असेल तर दर तासाला ८०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भागांची) भर पडते. बाहेरच्या हवेत तो ४२५ च्या आसपास असतो. दाराखालून थोडी गळती धरली तरी पहाटे दोनच्या सुमारास २००० ओलांडला जातो. जड डोक्याचं कारण बहुतेक हेच.

आता विजेचं. बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, आत २५ अंश आणि ५५ टक्के असं धरा. खोलीतली सगळी हवा एकदा बदलली तर ती परत गार आणि कोरडी करायला ०.१ युनिटही लागत नाही. थंडावा हवेत फारसा साठत नाही, तो भिंती, फरशी आणि गादीत असतो. त्यामुळे पाच-सात मिनिटं खिडकी सताड उघडून बंद केली तर नुकसान किरकोळ. महागात पडतं ते एसी चालू ठेवून खिडकी तासन् तास उघडी राहणं. तासाला आठ वेळा हवा बदलत असेल तर १ टनाच्या ३.५ किलोवॉट क्षमतेतली अडीच किलोवॉट बाहेरच्या हवेवरच खर्च होते. मग खोली गारही होत नाही आणि कॉम्प्रेसर थांबतही नाही.

घाम का सुटतो? वरच्या उदाहरणातल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) २६ च्या जवळ आहे. तुमचा आरसा रात्रभर २३ च्या हवेत गार झालेला. त्याला ती हवा लागली की पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. एका हवाबदलात खोलीत जवळजवळ तृतीयांश लिटर जादा पाणी वाफेच्या रूपात शिरतं. आरसा पुसला जातो, पण कपाटाच्या मागचं पाणी दिसत नाही आणि बुरशी तिथूनच धरते.

म्हणून एसी २६ वर आणि छताचा पंखा दोनवर ठेवा. पंख्यामुळे २६ खुपत नाही. भिंती दवबिंदूच्या खाली जात नाहीत, आणि तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्युरोचंच म्हणणं. २०२० पासून नव्या एसींची फॅक्टरी सेटिंग २४ ठेवलेली असते, तीही त्याचसाठी. एसीचा झोत थेट आरशावर नको, स्विंगची पट्टी दुसरीकडे वळवा. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा.

खारेवारे:
वरचं पटलं. फक्त "कधी" हा भाग सुटलाय, आणि मुंबईत खरी मेख तिथेच आहे.

खिडकी पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारपासून संध्याकाळपर्यंत खारे वारे थेट तिच्यावर येणार. रात्री उशिरा आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून येतात, तेही मंद. डिसेंबर-जानेवारीत तर खारे वारे उशिरा सुटतात. तोवर धूळ-धूर जमिनीलगत साचून राहतो. त्यामुळे "सकाळची ताजी हवा" हा समज थंडीत उलटा पडतो. सकाळी ७ ला उघडण्यापेक्षा दुपारी १ ते ४ मध्ये उघडा. बाहेरचा दवबिंदू तेव्हा बहुतेक वेळा २० च्या खाली असतो, घामाचा प्रश्नच येत नाही.

समीर या सरकारी हवा-प्रदूषणाच्या अ‍ॅपवर जवळच्या स्टेशनचा आकडा बघा, पण मोठा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघून निर्णय घेऊ नका. तो मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. त्याखाली पीएम २.५ चा, म्हणजे अतिसूक्ष्म धुळीचा, तासागणिक आलेख असतो, तो बघायचा. समोर काँक्रीटची गाडी खाली होत असेल किंवा कटिंग चालू असेल तर अर्थातच नाही. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत उघडा. आणि एअर प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड पकडत नाही. तो आहे म्हणून खिडकी कायम बंद, हे चालत नाही.

पावसाळ्यात हवा धुतलेली असते, पण नैर्ऋत्येकडून झड येते आणि बाहेरची हवा जवळजवळ भिजलेली. पावसाने उसंत घेतली की दहा मिनिटं उघडा, मग एसी ड्राय मोडवर (ओल काढण्याच्या सेटिंगवर) अर्धा-पाऊण तास. बाहेर २७ असताना एसी २६ वर लावला तर कॉम्प्रेसर लगेच मंदावतो आणि ओल तशीच राहते.

तुमच्या खिडकीचं मापही बघा. दमट उष्ण हवामानात खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश हव्यात, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. १२० चौरस फुटांना २०, आणि ५ × ४ म्हणजे बरोबर २०! पण दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे १०. त्यावर मच्छरजाळी. बिल्डरचा हिशेब कागदावर बरोबर, वाऱ्याची वाट मात्र निम्म्याहून कमी.

म्हणून खिडकी एकटी उघडून भागत नाही. बेडरूमचं दार उघडा, आपटू नये म्हणून खाली लाकडी गुटका सरकवा आणि स्वयंपाकघराची किंवा हॉलची पूर्वेकडची खिडकी उघडा. उदबत्ती लावून दाराच्या चौकटीत धरा. धूर आडवा पडला तर वारा आरपार वाहतोय, पाच-सात मिनिटं पुरे. धूर सरळ वर गेला तर पंखा फुल करा आणि वीस मिनिटं धरा.

आठवा_मजला:
धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. पण रात्रीचं काय? पहाटे दोनला उठून कोण खिडकी उघडणार! रात्रभर एक इंच फट ठेवली तर? की बाथरूमचा एक्झॉस्ट चालवू?

टनभर_थंडी:
एक इंच फट म्हणजे ४ फूट उंचीला तृतीयांश चौरस फूट. वारा पडला तर काहीच होत नाही, वारा सुटला तर गरजेपेक्षा जास्त हवा येते. शिवाय दमट हवा तिथल्या गार फ्रेमला लागते आणि रबराच्या कडेने काळी रेघ धरते. धूळ वेगळीच.

एक्झॉस्ट बरा. ६ इंचीवर २५० घनमीटर प्रति तास असं काहीतरी लिहिलेलं असतं, डक्ट आणि दाराची फट बघता निम्मंच धरा. १५ मिनिटांत खोलीभर हवा बदलते. प्लगमध्ये टायमर बसवून दर तासाला १५ मिनिटं चालवा. कार्बन डायऑक्साइड १५०० च्या आत राहायला हवा आणि रात्रभरात पाऊण युनिटच्या आसपास खर्च. बाथरूमचं दार चार बोटं उघडं ठेवा. बाहेर जाते तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, ती बेडरूमच्या दाराखालून येईल; म्हणून हॉलची एक खिडकी जाळी लावून किलकिली ठेवा. पंख्याच्या मागे झडपेचं शटर आहे ना ते बघा, नाहीतर पंखा थांबल्यावर डक्टमधला वास उलटा आत येतो.

खात्री करायची तर कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, पण एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट मोजणाऱ्या) सेन्सरचाच. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून अंदाज मारतात. उदबत्ती लावली तरी त्यांचा आकडा उडतो.

पागोळी:
एक्झॉस्टच्या सल्ल्याला एक मोठी अट जोडा. त्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे अजिबात करू नका. बंद घरात एक्झॉस्ट हवा ओढतो तेव्हा गिझरच्या ज्वलनाचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध होतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर हवा, किंवा त्याचा धूर पाइपाने थेट बाहेर सोडलेला हवा. इलेक्ट्रिक गिझर असेल तर प्रश्न नाही.

दुसरं, डक्टमध्ये कबुतरं असतील तर आधी विष्ठा ओली करून काढून घ्या (कोरडी झाडली तर उडते आणि फुप्फुसांना बाधते), मग जाळी मारा. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे घरटं असेल तर हवा अडते आणि वीज वाढते, तेही बघून घ्या.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसात खिडकी जाळीशिवाय उघडू नका, डासांची वेळ. आणि पावसाळ्याआधी खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करा. धुळीने ती बुजली की झडीचं पाणी ट्रॅक भरून आत येतं.

आठवा_मजला:
गिझर इलेक्ट्रिकच आहे. शटर आत्ता बघितलं, झडप धुळीने चिकटून अर्धी उघडी राहिलीय. आधी ती साफ करतो, मग टायमर आणतो.